अनेकवचन

नऊ दिवस झाले, पीरेतनं सेशन बंद केलेलं नाही.
ध्वनिफिती चढायला चाळीस मिनिटं लागतात,
म्हणून ती काळी खिडकी तशीच उघडी.
बाहेर तार्तूत साडेतीनलाच अंधार पडतो
आणि एमायोगी नदी कडेकडेनं गोठत येते.

काम म्हटलं तर एवढंसं.
दक्षिणेकडच्या व्होरो बोलीत
'काला' म्हणजे मासा,
आणि 'काला' म्हणून घसा क्षणभर मिटला
की मासे.
बस, तेवढंच अनेकवचन:
एक आवंढा, नव्वद मिलिसेकंदांचा.
यंत्र तो गिळतच नाही.
त्याच्या तळ्यात कायम एकच मासा.

ती फाइल उघडते, ओळ सुधारते, सेव्ह करते,
पुन्हा म्हणते, इम्पोर्ट.
प्रॉम्प्ट ढिम्म.
आहे की माझ्याकडे, म्हणतो जणू,
एकदा आणलेलं परत कशाला आणू?

मग रीलोड.
मॉड्यूल तेच, नाव तेच, आतला संसार नवा.
पण पहिल्या दिवशी जी नावं तिनं सुटी उचलून घेतली
ती अजून जुन्याच फंक्शनला धरून आहेत,
घर बदललं तरी जुन्या नंबरावर फोन करणाऱ्या नातेवाइकांसारखी.
सोमवारी घडवलेलं वाक्य सोमवारच्याच साच्यातलं.
आणि जे फंक्शन फाइलीतून खोडलं
ते हाक मारली की ओ देतं, निर्लज्जपणे.
पीरेत एकेकाला हुडकते, नव्यानं बांधते.
थर्मासमधली कॉफी गार.
'काला', यंत्र म्हणतं.
मासा.

गुरुवारी हेल्दुर आला, रोउगेहून, बसनं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन धुरावलेले मासे घेऊन.
फितींतला आवाज त्याचा. वय त्र्याऐंशी.
खुर्चीच्या टोकावर बसून त्यानं यंत्राचं ऐकून घेतलं,
टोपी गुडघ्यावर.
"हे नको. माझी फीत लाव. तिसरी."
लावली.
तिच्यातही आवंढा नव्हता.

पीरेतनं फीत मागे नेली, पुढे आणली,
लहर ताणून पडदाभर पसरली.
जिथं खाच हवी
तिथं स्वर सरळ वाहत गेलेला.

"त्या दिवशी तू नवखी होतीस," हेल्दुर म्हणाला,
"शहरातली, माइक घेऊन आलेली.
म्हटलं, नीट बोलावं.
शाळेत बाईंनी हे घशातलं काढून टाकलं होतं आमच्या,
कोपऱ्यात उभं करून करून.
घरच्या फाटकाशी पोचलो की परत यायचं.
पण परकं माणूस दिसलं की तोंड आपोआप…"
वाक्य त्यानं तिथंच सोडलं
आणि वर्तमानपत्र उलगडायला घेतलं.

नऊ दिवस ती सूत्र दुरुस्त करत होती.
सूत्र कदाचित मंगळवारीच बरोबर झालं होतं.
तिला हसू आलं. मग नाही आलं.

तिनं सेशन बंद केलं.
नऊ दिवसांची सगळी नावं, सोमवारची वाक्यं,
खोडूनही ओ देणारं ते फंक्शन,
सगळं एका ओळीत गेलं.
खरंच का, असं विचारलंसुद्धा नाही कुणी.

नवं सेशन. चाळीस मिनिटं.
तेवढ्यात दोघांनी मासे खाल्ले, बोटांनी,
कीबोर्डवर जुनी छापील पत्रकं झाकून.
हेल्दुर सांगत होता,
तळ्याच्या बर्फाला भोक पाडून
त्याचा थोरला भाऊ कसा बसायचा सकाळपासून,
किती मिळायचे, किती मांजर पळवायची.
बोलता बोलता तो शब्द आला, दोनदा, तीनदा,
आणि दर वेळी घसा मिटला.
त्याला पत्ताच नव्हता.

पीरेतनं तेलकट करंगळीनं
हळूच माइकची कळ दाबली.